शेवटच्या वर्षाच्या मुलांना पैशाबद्दल दोन तासांत काय सांगावं?

सुमन_कऱ्हाड
सोमवार, सकाळी ११:१०

नमस्कार मंडळी. सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाल्यापासून मी इथे बहुतेक पाककृती आणि बागकामाच्या धाग्यांवरच असते, त्यामुळे हा विषय माझ्या आयडीखाली बघून काहींना नवल वाटेल. गावाजवळच्या एका महाविद्यालयानं 'युवकांसाठी आर्थिक साक्षरता' म्हणून माझे दोन तास मागितलेत. समोर बी.कॉम., बी.एस्सी.ची शेवटच्या वर्षाची मुलं-मुली आणि शेजारच्या आयटीआयची पोरं असतील. प्राचार्यांच्या टिपणात बचतीचं महत्त्व, बँकांचे प्रकार, शेअर बाजाराची ओळख, विमा, म्युच्युअल फंड आणि शेवटी निवृत्तीनियोजन आहे. ज्यांना अजून नोकरी लागायची आहे त्यांना निवृत्तीनियोजन!

माझा कल वेगळा आहे. कर्जाच्या टेबलाशी तरुण मुलगा आला की एकच प्रश्न विचारतो, "हप्ता किती बसेल?" व्याजदर विचारणारा क्वचित, आणि तो दर कशावर आकारलाय हे विचारणारा त्याहून क्वचित. समजा दुचाकीसाठी ८०,००० रुपये, दोन वर्षं, दर 'फक्त ११ टक्के'. शोरूममधला माणूस कागदावर मांडून दाखवतो: वर्षाचं व्याज ८,८००, दोन वर्षांचं १७,६००, एकूण ९७,६००, भागिले २४, हप्ता ४,०६७. हिशेब चोख. फक्त यात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत पुऱ्या ८०,००० वर व्याज लावलंय, आणि पोरगा तर दर महिन्याला मुद्दल फेडत चाललाय. घटत्या शिल्लकेवर बघितलं तर हाच दर २० टक्क्यांच्या आसपास जातो. पलीकडच्या बँकेत घटत्या शिल्लकेवर १३ टक्क्यांनी कर्ज मिळत असलं तरी ते त्याला महाग वाटतं, कारण तेरा अकरापेक्षा मोठे! बी.कॉम.च्या मुलांनाही हे फळ्यावर करून दाखवल्याशिवाय पटत नाही.

आमच्या शाळेत संचयिका होती. चार आणे, आठ आणे भरायचे, वहीत नोंद व्हायची, मुलंच कारकून. पैसे किती साठले ते सोडा, पण जमा, नावे, शिल्लक हे आठवीतच अंगवळणी पडलं. आताच्या मुलांच्या खिशात अख्खी बँक आहे आणि खात्याचा उतारा कुणी उघडून बघत नाही.

तर दोन तासांत काय घ्यावं आणि काय गाळावं?


नील_बाणेर
सोमवार, दुपारी १:३५

ताई, चांगला विषय. माझं मत विचाराल तर दीड तास चक्रवाढीला द्या. बाविसाव्या वर्षापासून महिना २,००० ची एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक रक्कम गुंतवणं), १२ टक्के धरले (मिळतीलच असं नाही, हे सांगायचंच) तर तीस वर्षांत सत्तर लाखांच्या घरात जाते. तीच दहा वर्षं उशिरा सुरू केली तर वीस लाखांच्या आसपास. हा एक आकडा फळ्यावर लिहिला तरी वर्ग गप्प होतो, आमच्या ऑफिसातल्या नवीन बॅचवर प्रयोग करून झालाय.

सोबत फंडाच्या डायरेक्ट (थेट घेतलेला) आणि रेग्युलर (एजंटामार्फत घेतलेला) प्लॅनमधला फरक सांगा. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला डायरेक्ट प्लॅन द्यावा लागतो, तरी लोक ओळखीच्या माणसाकडून रेग्युलर घेतात आणि दरवर्षी त्याचं कमिशन भरत बसतात.


शिफ्टवाला_चाकण
सोमवार, रात्री ११:५०

नील दादा, चक्रवाढ मला कळते. मी लातूरकडचा, आयटीआय फिटर, सध्या चाकणला कंत्राटदारामार्फत एका कंपनीत आहे. आता माझ्या पगाराची गंमत ऐका.

मुलाखतीत सांगितलं सीटीसी (माझ्यावर होणारा एकूण खर्च) २०,०००. हातात येतात १६,२२५. पहिल्या महिन्यात वाटलं कंत्राटदारानं मारले. मग लाईनवरच्या एका सीनियरनं पगारपत्रक समोर ठेवून समजावलं. एकूण पगार १८,०००, त्यातला बेसिक १२,०००. बेसिकच्या १२ टक्के पीएफ म्हणजे १,४४०. ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) एकूण पगाराच्या पाऊण टक्का, १३५. व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. हे झाले १,७७५, ते वजा. वरचे दोन हजार कुठे गेले? मालकाचा पीएफचा वाटा १,४४० आणि ईएसआयसीचे सव्वातीन टक्के म्हणजे ५८५, तेही सीटीसीत धरलेले. म्हणजे जे पैसे मला कधी हातात मिळणारच नव्हते ते दाखवून नोकरी दिली.

हे कुणी शिकवलं? आयटीआयमध्ये मायक्रोमीटर वाचायला शिकवलं, पगारपत्रक नाही. माझ्याबरोबर लागलेल्या तिघांनी "पीएफ कापू नका, हातात द्या" म्हणून कंत्राटदाराच्या पाया पडणं चालवलंय. आपला वाटा गेला की मालकाचा वाटाही जातो, हे त्यांना ठाऊक नाही.

उरलेल्या १६,२२५ मधून कॉट बेसिसची खोली, मेस, रिचार्ज आणि घरी ६,०००. आता सांगा २,००० ची एसआयपी कुठून काढू?


हिशेबनीस
मंगळवार, सकाळी ८:०५

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं आपल्याकडे म्हटलंय. बचत ही उत्पन्नावर नाही, सवयीवर अवलंबून असते.


म्हसवडची_लेक
मंगळवार, सकाळी ८:४०

हिशेबनीस काका, अंथरूणच दीड फुटाचं असलं की पाय पोटाशी घेऊन झोपतात माणसं. त्यांना सवयीचं काय सांगता!

सुमनताई, माझा मुद्दा थोडा निराळा. आमच्याकडे माण तालुक्यात बायका व्याजाच्या हिशेबात पक्क्या आहेत. म्हसवडला १९९७ मध्ये चेतना सिन्हांनी माणदेशी महिला बँक सुरू केली, त्याच्या मागेपुढे गावोगाव बचत गट झाले. माझी आई सातवी शिकलेली. "शेकडा दोन" म्हटलं की तिच्या तोंडून लगेच "म्हणजे वर्षाला चोवीस" बाहेर पडतं. गटाच्या बैठकीत कुणाचा हप्ता थकला की का थकला ते सगळ्यांसमोर बोललं जातं, म्हैस आटली की नवरा आजारी पडला ते. माझा भाऊ एम.एस्सी. त्यानं फोनवर 'दिवसाला फक्त पाच रुपये' बघून कर्ज काढलं. तेही त्याच घरात राहून.

म्हणजे ज्ञान घरातच होतं. पण बायकांचं गटाचं ज्ञान ते 'बायकांचं काम', त्यात पोरगं कशाला बसेल? वर्गातल्या मुलांना एक गृहपाठ द्या: आईच्या गटाची वही घरी बसून वाचा. मला तरी पॉवरपॉइंटपेक्षा हे बरं वाटतं.


सुमन_कऱ्हाड
मंगळवार, दुपारी १२:२०

@म्हसवडची_लेक, गृहपाठ घेतलाच समज!

@शिफ्टवाला_चाकण, बाळा, तुझं पगारपत्रक आकड्यांसकट वर्गात वापरू का? नाव-गाव काही येणार नाही. आणि तुझा पीएफ खरंच भरला जातोय का ते बघितलंस का? पगारपत्रकावर कपात दिसते म्हणजे ती खात्यात गेली असं नाही. यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) टाकून पासबुक उघड आणि महिन्यामागून महिना ताडून बघ. कंत्राटदारानं नाही भरला तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते, त्यामुळे कंपनीच्या एचआरकडे लेखी विचारायला अजिबात बिचकू नकोस.


शिफ्टवाला_चाकण
मंगळवार, रात्री ११:४०

बिनधास्त वापरा ताई. पासबुक बघितलं. या कंत्राटदाराचं बरोबर आहे. पण आधीच्या कंत्राटदारानं नवीनच यूएएन काढला होता, तिथले पैसे वेगळे पडलेत. ट्रान्सफर होत नाही, कारण आधारवर नाव आडनावापासून सुरू होतं आणि त्या पीएफ खात्यावर नावापासून. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, म्हणून आधारवर तसंच पडलं. आमच्या खोलीत चार जणांपैकी तिघांचं हेच रडगाणं.


हिशेबनीस
बुधवार, सकाळी ७:५०

याला जॉइंट डिक्लरेशन (दुरुस्तीचा संयुक्त अर्ज) लागतं. पोर्टलवरून भरायचं, कामगार आणि मालक दोघांनी. आधी नाव दुरुस्त, मग ट्रान्सफर. आधीचा कंत्राटदार दाद देत नसेल तर ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, कार्यालयात तक्रार नोंदव. आणि ते पैसे काढून घेऊ नकोस, ट्रान्सफरच कर. पेन्शनला एकूण १० वर्षांची सेवा लागते, पोरं दर नोकरीत पैसे काढतात आणि मोजणी पुन्हा शून्यावर आणतात. मागे सवयीबद्दल जे बोललो ते तुला उद्देशून नव्हतं.

आता क्रेडिट कार्ड. सीए म्हणून माझ्याकडे येणाऱ्या पंचविशीच्या पगारदारांत सर्वांत जास्त गैरसमज 'किमान देय रक्कम' या एका ओळीबद्दल आहे. समजा बिल ४०,००० आणि किमान रक्कम २,००० आली. पोरगा २,००० भरून निर्धास्त होतो, पेनल्टी लागत नाही म्हणून. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तर १,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२. झाले १,६५२. म्हणजे २,००० भरून मूळ कर्जातून गेले ३४८ रुपये. शिवाय मागची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत गेली. भाजी जरी कार्डावर घेतली तरी त्या दिवसापासून मीटर चालू. हे एकदा कागदावर त्यांच्याकडूनच सोडवून घ्या. सांगून उपयोग नाही, हातानं भागाकार केला पाहिजे.


मयूर_हॉस्टेल
बुधवार, दुपारी ४:१५

मी वयानं तुमच्या विद्यार्थ्यांतलाच, म्हणून लिहितो. पुण्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या मजल्यावर २०२४ मध्ये गुरुवार म्हणजे एक्स्पायरीचा (शेअर बाजारातल्या सौद्यांची मुदत संपण्याचा) दिवस, दुपारच्या प्रॅक्टिकलला अर्धा वर्ग फोनमध्ये. ज्यांच्या खात्यात मेसचे पैसे नव्हते ते निफ्टीचे कॉल-पुट (निर्देशांक वर जाईल की खाली यावरचे मुदतीचे सौदे) घेत होते.

आम्हाला कुणी आकडे सांगितले नव्हते असं नाही. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीचा अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये आला: तीन वर्षांत एफ अँड ओ (असे मुदतीचे सौदे) करणाऱ्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात, खर्च धरून सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या आसपास. तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेलेलं. हा स्क्रीनशॉट आमच्याच ग्रुपवर फिरला, खाली हसण्याचे इमोजी पडले. प्रत्येकाला वाटतं आपण उरलेल्या सातांतले.

खरा फरक पडला तो नोव्हेंबरात, कॉन्ट्रॅक्टचा किमान आकार वाढला तेव्हा. निफ्टीचा लॉट (एका सौद्यातले किमान नग) २५ चा ७५ झाला, बँक निफ्टीची दर आठवड्याची एक्स्पायरी बंद झाली, आणि तीन-चार हजारांत खेळणाऱ्यांना परवडेना. निम्मी पोरं आपोआप थांबली. उरलेली क्रिप्टोकडे गेली ते वेगळं.

म्हणून मला शंका येते की व्याख्यानानं काय होणार. नियमानं झालं ते साक्षरतेनं झालं नाही.


नील_बाणेर
बुधवार, सायं. ६:००

अंशतः सहमत. पण नियम येईपर्यंत जे बुडाले त्यांचं काय? आणि सगळ्याच गोष्टींवर नियम येत नाही. मयूर, तुमच्यातले जे सुरुवातीपासून यात पडलेच नाहीत ते का पडले नाहीत?


मयूर_हॉस्टेल
बुधवार, रात्री ९:३०

चांगला प्रश्न. दोघं होते. एकाच्या वडिलांचं गावात किराणा दुकान, तो म्हणायचा, "समोरचा कोण आहे ते दिसल्याशिवाय मी सौदा करत नाही." दुसऱ्यानं आधी महिनाभर कागदावर खोटे सौदे लिहून बघितले, ब्रोकरेज आणि करासकट. महिनाअखेर बेरीज केली आणि ॲप काढून टाकलं. दुसऱ्याची युक्ती वर्गात चालेल.


वकील_विशाखा
गुरुवार, सकाळी १०:१०

चर्चा छान चाललीय, पण ज्या गोष्टीनं पोरं थेट पोलीस ठाण्यात पोहोचतात ती अजून आलीच नाही. खातं भाड्यानं देणं.

पद्धत अशी. कॉलेजच्या आवारात किंवा टेलिग्रामवर कुणीतरी सांगतं, तुझ्या नावानं खातं उघड, पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम असं 'किट' दे, पाच-दहा हजार घे. 'गेमिंगचे पैसे आहेत', 'टॅक्स वाचवायचाय' असलं काहीतरी कारण. मग कुठल्यातरी म्हाताऱ्या जोडप्याला डिजिटल अरेस्टच्या (फोनवर खोटे पोलीस बनून दिलेल्या अटकेच्या धमकीच्या) नावाखाली लुटलेले लाखो रुपये त्या खात्यातून दहा मिनिटांत पुढे जातात. खरे चोर सापडोत न सापडोत, खातेदाराचं नाव, आधार, पत्ता सगळं पोलिसांसमोर असतं. परराज्यातल्या सायबर ठाण्याची नोटीस येते तेव्हा घरी पहिल्यांदा कळतं. अशी प्रकरणं माझ्याकडे आली आहेत, पोरं गुन्हेगार वृत्तीची नव्हती, मोबाईलचा हप्ता थकलेला होता एवढंच.

हे पाच मिनिटांत सांगून होतं आणि एखाद्याचं आयुष्य वाचतं. सोबत सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये तिथल्या तिथे सेव्ह करायला लावा. आपले पैसे गेले तर पहिल्या तासात फोन केल्यास ते मध्येच अडवता येण्याची शक्यता बरीच असते.


गुरुजी_बीड
गुरुवार, दुपारी ३:२५

विशाखाताईंच्या मुद्द्याला धरून आणखी एक सही सांगतो. जामीन.

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. आमच्याकडे पोरगा नोकरीला लागला की पेढे वाटून होण्याआधी दोन माणसं दारात येतात. एक विमा एजंट (बहुतेक मामा किंवा चुलत भाऊ) आणि दुसरा पतसंस्थेच्या कर्जाला जामीनदार शोधणारा. "सहीच करायची आहे, पैसे तुला थोडेच भरायचेत?" नवीन पोरगा भिडेखातर सही करतो. नाही म्हटलं तर 'नोकरी लागली तसा बदलला' हे ऐकावं लागतं.

कायदा काय सांगतो? भारतीय करार कायदा १८७२, कलम १२८: जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं म्हणता येत नाही. सहकारी संस्थेला महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळतो. अर्जाबरोबर जे छापील कागद असतात त्यात बहुतेक वेळा पगारातून कपात करायला संमती देणारा कागदही असतो, त्याच कायद्याच्या कलम ४९ चा. तो कुणी वाचत नाही. मग एके दिवशी पगारपत्रकावर नवीन कपात दिसते. माझ्या एका तरुण सहकाऱ्याची दोन वर्षं अशी कपात चालली, मूळ कर्जदार मात्र नवी गाडी घेऊन फिरत होता. वर त्याला घरासाठी कर्ज हवं होतं, तर क्रेडिट रिपोर्टमध्ये हे थकलेलं कर्ज त्याच्याही नावावर.

मुलांना नाही म्हणायला शिकवणार असाल तर इथून सुरुवात करा. सबबही देऊन ठेवा. "माझ्या नावावर आधीच एक जामीन आहे, संस्था दुसरा घेत नाही." खोटं असलं तरी मी स्वतः ही सबब आमच्या नवीन शिक्षकांना पढवतो.

आणि पतसंस्थेवरून आठवलं. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या कंपनीचं विमासंरक्षण आहे, फेब्रुवारी २०२० पासून. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. पाटीवर दोन्हीकडे 'सहकारी' लिहिलेलं असतं, टक्का-दीड टक्का जास्त मिळतो म्हणून बापाच्या निवृत्तीचे पैसे पोरगंच नेऊन ठेवतं.


विमाहितेच्छू
गुरुवार, दुपारी ४:००

एजंटांना सरसकट नावं ठेवणं योग्य नाही. आम्हीच खेडोपाडी विमा पोहोचवला.


गुरुजी_बीड
गुरुवार, दुपारी ४:१५

पोहोचवलात, मान्य. पण बावीस वर्षांच्या अविवाहित पोराला १५,००० रुपये हप्त्याची 'मनी बॅक' पोहोचवलीत, ज्यात विम्याची रक्कम जेमतेम दोन-अडीच लाख.


विमाहितेच्छू
गुरुवार, दुपारी ४:२०

तुम्हाला व्यक्तिगत राग दिसतो.


शेवंती
गुरुवार, सायं. ५:४५

कृपया धाग्यावर वाद घालत बसू नका. पॉलिसी पटली नाही तर मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, एवढं मुलांना सांगितलं की विषय संपला. आणि खात्यातून दरवर्षी जाणारे ४३६ आणि २० रुपये कशाचे ते सांगा. पंतप्रधान जीवनज्योती आणि सुरक्षा विमा. घरातला कर्ता मुलगा अपघातात गेला आणि या दोन कपातींचा अर्थ घरी कुणालाच ठाऊक नसला तर दावा करणार कोण?

माझा मुद्दा मुलींबद्दल आहे, तो इतक्या प्रतिसादांत कुणी काढला नाही म्हणून लिहिते. मी एका खाजगी दवाखान्यात रिसेप्शनला आहे. आमच्यातल्या निम्म्या मुलींच्या पगार खात्याला मोबाईल नंबर वडिलांचा किंवा भावाचा आहे. ओटीपी तिकडे जातो, यूपीआय तिकडे चालतं, एटीएम कार्ड आईच्या कपाटात. पगार झाला हे तिला भाऊ सांगतो! अशा मुलीला चक्रवाढ शिकवून काय करणार? पहिलं काम, खात्याला स्वतःचा नंबर जोडणं आणि नेट बँकिंगचा पासवर्ड स्वतःपाशी ठेवणं. लग्नानंतर तोच नंबर नवऱ्याचा होतो आणि चक्र पुढे चालू.

हे वर्गात मुलांसमोर बोलू नका. मुलींना वेगळी दहा मिनिटं द्या, नाहीतर एकही तोंड उघडणार नाही.


सुमन_कऱ्हाड
शुक्रवार, सकाळी ९:३०

शेवंती, हे माझ्या ध्यानातच आलं नसतं. प्राचार्यांना आजच फोन करून मधल्या सुट्टीत मुलींसाठी वेगळी खोली मागते.

काल रात्री बसून वेळ वाटून बघितला. पहिला सबंध तास कागद वाचण्याचा. शिफ्टवाल्याचं पगारपत्रक, हिशेबनीसांचं कार्डाचं बिल आणि माझं दुचाकीचं कर्ज. प्रत्येकाला झेरॉक्स आणि पेन्सिल, फोनवरचं कॅल्क्युलेटर चालेल. दुसऱ्या तासात जामीन, भाड्याचं खातं, आणि ॲपवरचं कर्ज. नील, तुमच्या एसआयपीला शेवटची पंधरा मिनिटं. रागावू नका, पण डोक्यावर ३६ टक्क्यांचं कर्ज ठेवून १२ टक्क्यांच्या मागे धावणारी पोरं मी टेबलापलीकडे बघितली आहेत. बँकांचे प्रकार आणि निवृत्तीनियोजन पूर्ण गाळलं. प्राचार्यांना काय सांगायचं ते बघू.

ॲपच्या कर्जाबद्दल मी असं मांडणार आहे. १०,००० मंजूर, प्रक्रिया शुल्क १,००० आणि त्यावर जीएसटी १८०, खात्यात आले ८,८२०. महिन्यानं भरायचे १०,३००. मुलं म्हणतात व्याज ३०० म्हणजे तीन टक्के. प्रत्यक्षात ८,८२० वापरायला मिळाले आणि वर गेले १,४८०, महिन्याला जवळजवळ १७ टक्के, वर्षाला दोनशेच्या वर. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार हा सगळा खर्च धरून वार्षिक दर कर्ज देण्याआधी मुख्य तथ्य पत्रकात, म्हणजे केएफएसमध्ये, लिहून द्यावाच लागतो. तो एक आकडा कुठे शोधायचा एवढं जमलं तरी खूप. शिवाय घेतलेलं कर्ज ठरलेल्या मुदतीत (ती किमान एक दिवसाची असते) दंड न भरता परत करता येतं, आणि ॲपला तुमच्या फोनमधली नावं-नंबरांची यादी मागता येत नाही. मागितली तर तिथेच थांबायचं. ॲप खरंच कुठल्या नोंदणीकृत संस्थेचं आहे का, ते रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीत जुलै २०२५ पासून बघता येतं.

एक मदत हवी. हे तथ्य पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावं असं रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात म्हटलंय. मला वर्गात दाखवायला मराठीतलं खरंखुरं पत्रक पाहिजे. कुणाकडे आहे का? नाव आणि खाते क्रमांक खोडून चालेल.


हिशेबनीस
शुक्रवार, सकाळी १०:४५

माझ्या अशिलांकडे आलेली सगळी इंग्रजीत. विचारून बघतो. मराठीत दिलं असलं तरी 'वार्षिक टक्केवारी दर' असल्या शब्दांनी पोरं पुन्हा अडणारच, तेव्हा तुम्ही इंग्रजी आणि मराठी दोन्ही शेजारी ठेवा. आणि पुढच्या वर्षीपासून दमणूक नको असेल तर महाविद्यालयाला सांगा, एनसीएफई (राष्ट्रीय आर्थिक शिक्षण केंद्र) पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी मोफत कार्यशाळा घेते. मात्र तिथे जामीन आणि भाड्याचं खातं येईल याची खात्री नाही, ते तुम्हालाच करावं लागेल.


म्हसवडची_लेक
शुक्रवार, दुपारी १२:१०

माझ्या भावानं त्याच्या कर्जाच्या वेळी भाषेच्या रकान्यात मराठी निवडलं होतं, त्याचं पत्रक ईमेलमध्ये पडलेलं आहे. त्यानं ते आजतागायत उघडलं नव्हतं! खोडाखोड करून तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून पाठवते. दुसऱ्या पानावर दर आहे. पहिल्या पानावर नुसता हप्ता, मोठ्या अक्षरात.


सुमन_कऱ्हाड
शुक्रवार, दुपारी १२:३०

व्वा, हेच पाहिजे होतं. शिफ्टवाल्या, पगारपत्रकाचा भाग तूच व्हिडिओ कॉलवरून सांगशील का? माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा आयटीआयची पोरं तुझं ऐकतील.


शिफ्टवाला_चाकण
शुक्रवार, रात्री ११:५५

बोलेन की ताई. पण पुढच्या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे, दुपारी अडीचपर्यंतच मोकळा असतो. सकाळी अकराच्या आत ठेवू नका, झोप होत नाही. आणि जॉइंट डिक्लरेशन भरलं आज, आमच्या खोलीतल्या तिघांचं एकदमच. आधीच्या कंत्राटदारानं अजून मंजूर केलेलं नाही.